पगार, मानधन आणि मधला रिकामा दिवस: कलेच्या क्षेत्रात नोकरी की फ्रीलान्स?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि बातम्यांमध्ये ‘गिग कामगारांना सामाजिक सुरक्षा’ हे शब्द झळकले. गिग कामगार म्हणजे पक्क्या नोकरीशिवाय सुटी सुटी कामं करणारे. तेव्हापासून ओळखीचे चित्रकार, व्हिडिओ एडिटर, कॉपीरायटर मला एकच विचारतात: आता फ्रीलान्सवाल्यांनाही पीएफ मिळणार का? मिळणार असेल तर नोकरी सोडायला हरकत काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. पीएफ मिळणार नाही. सामाजिक सुरक्षा संहितेतल्या तरतुदीनुसार ज्या कंपन्या अ‍ॅपवरून ग्राहक आणि काम करणारा यांची गाठ घालून देतात, त्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम एका निधीत भरायची आहे. या कंपन्यांच्या यादीत ‘कंटेंट आणि मीडिया सेवा’सुद्धा आहेत. पण तुम्ही थेट प्रकाशकासाठी मुखपृष्ठ करता, थेट एजन्सीसाठी फिल्म कापता, तेव्हा मध्ये अ‍ॅप नसतं. मग तुमच्या नावाने कोणी काही भरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, आणि हा लेख त्याच्यासाठीच आहे. मी नऊ वर्षं जाहिरातीच्या कामात नोकरी केली आणि त्यानंतर अकरा वर्षं फ्रीलान्स, म्हणजे कोणाच्याही पगारपत्रकावर न राहता कामागणिक पैसे घेऊन काम केलं आहे. दोन्हीकडे चांगली माणसं हिशेब चुकल्यामुळे खचलेली पाहिली. म्हणून हिशेबापासून सुरुवात करतो.

## पगारात नेमकं काय असतं?

पगार म्हणजे कामाचे पैसे, असं आपण धरून चालतो. पण त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, तुम्ही केलेल्या कामाचा मोबदला. दुसरी, तुम्ही काम न केलेल्या दिवसांचा मोबदला. ताप आला, क्लायंट गायब झाला, प्रोजेक्ट अडकलं, दिवाळी आली, तरी महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढीच रक्कम येते. त्या रिकाम्या दिवसाचा भार मालकाने उचललेला असतो, आणि त्या बदल्यात तो तुम्हाला तुमच्या कामाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी देतो. यात अन्याय नाही, हा सौदा आहे. फ्रीलान्समध्ये सौदा उलटा होतो. कामाची किंमत जास्त मिळू शकते, पण रिकामा दिवस तुमचा.

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. नटाला महिन्याचा पगार नसतो, प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाहीतर नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि मधले थोडे महिने सोडले तर २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत पडदा उघडला नाही. त्या काळात नट, प्रकाशयोजनाकार, नेपथ्य लावणारे, मेकअप करणारे यांच्यावर काय ओढवलं ते नाटकाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. कौशल्य कोणाचंच कमी झालं नव्हतं. रिकामा दिवस मात्र ज्याचा त्याला सोसावा लागला.

गावाकडच्या वाचकाला एका वाक्यात सांगायचं तर नोकरी ही कालव्याखालची जमीन आहे आणि फ्रीलान्स कोरडवाहू. कोरडवाहू शेतकरी मूर्ख नसतो, एखाद्या वर्षी त्याचं पीक जोमदार येतं. पण त्याला विहीर लागते. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला असणं, ही फ्रीलान्सरची विहीर. ती पाऊस पडत असतानाच खणायची असते.

## रिक्षाची रिकामी फेरी

फ्रीलान्सला उतरणारा जवळपास प्रत्येक जण पहिली चूक दर ठरवताना करतो. समजा पुण्यातल्या एका डिझायनरला कंपनी वर्षाला ७ लाख २० हजार देते, म्हणजे महिन्याला ६० हजार. महिन्यात २२ कामाचे दिवस धरले तर दिवसाचे सुमारे २,७०० रुपये होतात. मग तो म्हणतो, ‘मी दिवसाचे ३,००० घेईन, म्हणजे पगारापेक्षा जास्तच.’

रिक्षावाल्याला विचारा. स्टेशनहून कोथरूडला सवारी सोडली की परत येताना रिक्षा बऱ्याचदा रिकामी असते. ती रिकामी फेरी, गॅस, पासिंग, टायर, हे सगळं सवारीच्या भाड्यातूनच निघावं लागतं. फक्त चालू मीटरची मिनिटं मोजली तर रिक्षा सहा महिन्यांत विकावी लागेल.

आता त्या डिझायनरचा हिशेब पुन्हा मांडू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. शनिवार-रविवार, सण, आजारपण, सुट्टी वगळून वर्षाचे २३० दिवस उरतात. त्यातले सगळे बिलात लागत नाहीत. कोटेशन पाठवणं, भेटी, फोन, बिलांचा पाठपुरावा, नवं सॉफ्टवेअर शिकणं यात दहापैकी चार दिवस सहज जातात. राहिले १३८ दिवस. कमवायचे किती? पगाराचे ७ लाख २० हजार, आरोग्य आणि आयुर्विम्याचे ३० हजार, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि सीएचे ९० हजार, बुडणाऱ्या-अडकणाऱ्या पैशांसाठी ६० हजार. एकूण ९ लाख. त्याला १३८ ने भागलं की दिवसाचे सुमारे ६,५०० रुपये येतात.

म्हणजे पगाराच्या दिवसभावाच्या जवळजवळ अडीचपट. एवढा दर घेऊन तो नोकरीइतकाच कमावतो, श्रीमंत होत नाही. हा आकडा क्लायंटला सांगताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. पण क्लायंटही हाच हिशेब करत असतो. त्याला माणूस वर्षभर पोसायचा नसतो, त्याला वीस दिवसांचं काम हवं असतं, म्हणून तर तो तुमच्याकडे आला.

## ‘मानधन’ हा शब्द आणि उशिरा येणारे पैसे

आपल्या भाषेत कलेच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, त्यात मान आधी आहे. पण त्यामुळेच तो मागायला अवघड जातो. प्लंबर कामाआधी पैसे ठरवतो आणि काम संपल्यावर हात पुढे करतो. कवी, चित्रकार, संपादक यांना मात्र ‘देतील हो, आपलीच माणसं आहेत’ असं मनाला समजवावं लागतं. मला एका मुखपृष्ठाचे पैसे चौदा महिन्यांनी मिळाले, तेही चार वेळा त्या कार्यालयाच्या जिन्यात उभं राहिल्यावर. मुंबईच्या मालिकांच्या दुनियेत तर कलाकारांना कामानंतर नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याचा रिवाजच आहे.

इथे एक कायदा उपयोगी पडतो आणि तो फार कमी कलावंतांना माहीत असतो. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा कारखान्यांपुरता नाही, एकट्याने सेवा देणारा माणूसही त्यात ‘सूक्ष्म उद्योग’ म्हणून नोंद करू शकतो. सरकारच्या उद्यम पोर्टलवर ही नोंदणी आधारवरून होते आणि तिला एक पैसा लागत नाही. नोंदणी असेल तर लेखी करार काहीही म्हणो, क्लायंटला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एप्रिल २०२३ नंतरच्या खर्चासाठी आयकराचीही अट त्यात आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत चुकतं केलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले आता स्वतःहून विचारतात, ‘तुमचा उद्यम नंबर आहे का?’

दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोंदणी काम सुरू करण्याआधी हवी, भांडण झाल्यावर करून फायदा नाही. आणि तक्रारीची वेळ क्वचितच यावी, कारण तक्रार केली की तो क्लायंट बहुधा कायमचा जातो. बिलावर उद्यम नंबर छापलेला असणं आणि अर्धे पैसे आगाऊ घेणं, या दोन सवयींनी निम्मं काम होतं.

## ना धड नोकरी, ना धड फ्रीलान्स

आता त्या प्रकाराबद्दल, ज्याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

माध्यमांत, एजन्सींमध्ये, एडटेक कंपन्यांमध्ये तरुण मुलामुलींना ‘कन्सल्टंट’ किंवा ‘रिटेनर’ म्हणून घेतात. रिटेनर म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देऊन राखून ठेवलेला माणूस. कागदावर तो स्वतंत्र व्यावसायिक. प्रत्यक्षात दहाला हजेरी, आठवड्याचे सहा दिवस, बॉसची परवानगी घेतल्याशिवाय गावाला जाता येत नाही, आणि बाहेरचं काम करायला करारात मनाई. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) नाही, बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा नाही. ‘हातात जास्त येतील’ एवढं सांगून सही घेतली जाते.

या सौद्यात रिकाम्या दिवसाचा भार तुमचा, आणि स्वातंत्र्य मात्र मालकाकडे. म्हणजे दोन्हीकडची वाईट बाजू तुमच्या पदरात.

कायदा कागदावरच्या नावाला भुलत नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका टेलरिंग दुकानाचा खटला आला. शिंप्यांना नगावर पैसे मिळत, म्हणून मालक म्हणत होता की हे माझे नोकर नाहीत. न्यायालयाने पाहिलं की शिलाई मशीन दुकानाची आहेत, आणि शिवण पसंत पडली नाही तर पुन्हा शिवायला सांगण्याचा हक्क मालकाकडे आहे. शिंपी हे कर्मचारीच ठरले. ‘शिवण’च्या जागी ‘सातवं रिव्हिजन’ वाचा आणि मशीनच्या जागी कंपनीचा लॅपटॉप. प्रत्येक रिटेनर कर्मचारी ठरेल असं मी म्हणत नाही, प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात. पण सही करताना विचारायचा प्रश्न यातून मिळतो: वेळ कोण ठरवतं, जागा आणि साधनं कोणाची, दुसरं काम घेता येतं का? तिन्ही उत्तरं मालकाच्या बाजूची असतील, तर नोकरीचं पत्र मागा. नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या नोकरीतसुद्धा एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कंपनीला कायमचा माणूस नको असेल तर हा सरळ मार्ग तिच्यापुढे आहे.

## केलेलं काम कोणाचं?

पैशाच्या हिशेबात ही गोष्ट विसरली जाते, आणि दहा वर्षांनी आठवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा साधा नियम असा की ज्याने निर्मिती केली तो पहिला मालक. पण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालक नोकरी देणारी कंपनीच असते, वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही कंपनीत असताना काढलेलं बोधचिन्ह उद्या देशभर झळकलं तरी तुमचा त्यावर हक्क नाही. पगारात तोही विकला गेला.

फ्रीलान्स लेखकाचा लेख मात्र त्याने लेखी लिहून दिल्याशिवाय त्याचाच राहतो. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर करारात ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ असे शब्द घुसवतात. ते वाचले की दर वाढवून मागायला हवा.

फोटोग्राफर आणि चित्रकारांनी इथे थांबून वाचा. पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला किंवा पेंटिंग, पोर्ट्रेट करून घेतलं, आणि करारात काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. फ्रीलान्स असूनही. लग्नाच्या फोटोंपासून कॅलेंडरच्या चित्रांपर्यंत हे लागू होतं. दोन ओळींचा ईमेल, ‘कॉपीराइट माझ्याकडे राहील, तुम्हाला अमुक वापराची परवानगी’, आणि क्लायंटचं ‘मान्य’ एवढं उत्तर कामाआधी हातात असलं तरी चित्र बदलतं.

## ‘फ्रीलान्सला टॅक्स कमी लागतो म्हणे’

काहींना खरंच कमी लागतो. आयकरात ठरावीक व्यवसायांसाठी एक सोपी वाट आहे: एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची, खर्चाच्या पावत्या जपायच्या नाहीत. जुन्या कायद्यात हे कलम ४४ एडीए. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १८ लाख पगाराच्या माणसाला सुमारे दीड लाख कर येतो. तेवढीच जमा असलेल्या चित्रपटाच्या संकलकाचा नफा ९ लाख धरला जातो, आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने त्याचा कर शून्य.

पण यादीत चित्रपट कलावंत स्पष्ट आहेत: संकलक, कॅमेरामन, गीतकार, पटकथाकार, वेशभूषाकार. ग्राफिक डिझायनर, कॉपीरायटर, बोधचित्रकार यांचं नाव तसं स्पष्ट नाही. त्यांनी सीएला विचारल्याशिवाय हे कलम वापरू नये.

बाकीचं थोडक्यात. क्लायंट बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो, वर्षाला ५० हजारांच्या वर बिल गेलं की. रिटर्न भरलं नाही तर तो परत मिळत नाही, आणि कित्येक तरुण कलावंतांचे हजारो रुपये असेच सरकारजमा राहतात. वर्षाची जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, स्वतः भरायचा.

## ‘नोकरीत कला मरते’

हा आक्षेप तळमळीने घेतला जातो, म्हणून त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले, आणि त्यानंतर मराठी रंगभूमीला काय मिळालं हे सांगायची गरज नाही. पण डॉ. मोहन आगाशे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवत राहिले आणि अभिनयही करत राहिले. आर. के. लक्ष्मण यांनी पाच दशकांहून अधिक काळ एकाच वृत्तपत्रात व्यंगचित्रं काढली, आणि त्यांचा कॉमन मॅन कोणापुढे वाकला नाही. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी दुसऱ्यांसाठी मुखपृष्ठं केली, आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला.

या चौघांच्या वाटा वेगळ्या, काम सगळ्यांचं मोठं. नोकरीने कला मारली असं मी ज्यांच्या बाबतीत पाहिलं, तिथे दिवसाचे चौदा तास गेले होते. आणि फ्रीलान्समध्येही ती मेलेली पाहिली आहे, भाडं भरण्यासाठी महिन्याला चाळीस इन्स्टा पोस्ट करताना. म्हणून मी विचारतो ते वेगळंच: तुमच्या स्वतःच्या कामासाठी आठवड्याचे किती तास ताजे उरतात? ज्या व्यवस्थेत जास्त उरतात ती तुमची.

## ‘पण नोकरी तरी कुठे पक्की राहिलीय?’

खरं आहे. सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगा परमनंट आहे का?’ असं अजून विचारतात, पण खासगी कंपनीतल्या ‘परमनंट’ला पूर्वीचा अर्थ राहिलेला नाही. नोकरदाराचा एकच क्लायंट असतो आणि तो एका ईमेलने जातो. तरीही तो जाताना नोटीस पीरियडचा पगार, पीएफ, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी देऊन जातो. फ्रीलान्सरचा क्लायंट फोन उचलणं बंद करतो.

यावरून फ्रीलान्सरसाठी एक नियम निघतो. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील, तर तुम्ही बिनापीएफची नोकरी करत आहात. चार मध्यम क्लायंट एका मोठ्यापेक्षा बरे, कटकट जास्त असली तरी.

## राजीनामा लिहिण्याआधी

मन ठरलंच असेल तर क्रम महत्त्वाचा. घरकर्ज काढायचं असेल तर नोकरीत असतानाच काढा. फ्रीलान्सरकडे बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. स्वतःचा आरोग्य विमाही नोकरी असतानाच घ्या, कारण कंपनीचं कार्ड शेवटच्या दिवशी बंद होतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला. पीएफ काढून लॅपटॉप घेऊ नका.

आणि नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले असतील तर कॅलेंडर बघा. मूळ पगार ३० हजार असेल, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी पंधरा भागिले सव्वीस या सूत्राने ८६,५०० रुपयांच्या आसपास होते. दहा महिने आधी निघालात तर ती शून्य. तेवढ्या महिन्यांत संध्याकाळी आणि रविवारी, करारात मनाई नसेल तर, दोन क्लायंटची कामं करून बघता येतात. पहिलं बिल किती दिवसांनी पास होतं, रिव्हिजन कितव्यांदा थांबतं, ६,५०० चा आकडा सांगितल्यावर पलीकडचा माणूस काय म्हणतो, हे सगळं पगार चालू असतानाच कळतं.